चार बोटांचा फरक

१

मास्तर गेले मंगळवारी, आणि शुक्रवारच्या सकाळपर्यंत सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं की त्यांना ब्रेकवालीने मारलं.

ब्रेकवाली म्हणजे ताई. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. वडिलांनी गॅरेज हातात देताना सांगितलं होतं, "इंजिन कर, नाव होईल. ब्रेक केलास तर शिव्याच खाशील." तरीही तिने ब्रेकच धरला होता, आणि आजवर शिव्या खायची पाळी आली नव्हती. शुक्रवारी सकाळी ती गॅरेजपाशी आली तर शटरवर लाल रंगात एक शब्द लिहिलेला होता. खुनी. रंग अजून ओला होता. कुलूप काढताना तो तिच्या तळहाताला लागला. तिने हात खिशातल्या फडक्याला पुसला, कुलूप तसंच परत लावलं आणि थेट पोलीस चौकी गाठली.

फौजदार म्हणजे केस पिकलेला, सावकाश बोलणारा माणूस. त्याने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"तक्रार कुणी केली?"

"मास्तरांच्या जावयाने. आणि मोटर निरीक्षकाचा अहवालही तुमच्याच विरुद्ध आहे." त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. उतारावर ब्रेक निकामी. कारण, जुने ब्रेक ऑइल उकळले. दुरुस्ती करणाऱ्याचा हलगर्जीपणा.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर म्हणजे निवृत्त भूगोलाचे शिक्षक. जन्मभर फळ्यावर नद्या आणि डोंगर काढले, ते आता प्रत्यक्ष बघायचे म्हणून त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती आणि तिच्यात अख्खं घर बसवून घेतलं होतं. पलंग, ओटा, कपाटं, पाण्याची टाकी. तिला ते घरगाडी म्हणायचे. निघण्याच्या अकरा दिवस आधी त्यांनी गाडी ताईकडे आणली. ताईने चारही चाकांचे ब्रेक नवे केले, सगळं ऑइल काढून नवं भरलं. मंगळवारी पहाटे नवरा-बायको निघाले, आणि पहिल्याच घाटाच्या उतारावर ब्रेक लागेनासे झाले. मास्तरांनी गाडी दरीत जाऊ दिली नाही, डोंगराच्या बाजूच्या भिंतीवर घातली. काकू वाचल्या. मास्तर नाही.

"ऑइल जुनं होतं हे निरीक्षकाला कसं कळलं?" ताईने विचारलं. "तपासलं त्याने?"

"अपघातानंतर पेडल घट्ट लागत होतं. म्हणजे ऑइल उकळलं होतं, आणि थंड झाल्यावर पूर्वीसारखं झालं. असं त्याचं म्हणणं."

"उकळलं हे खरं असेल. पण ब्रेक भट्टीसारखा तापला तर नवं ऑइलही उकळतं. ते का तापलं, हे त्याने बघितलं?"

फौजदाराने अहवालाचं पान उलटून बघितलं, मागे काही लिहिलेलं नव्हतं.

"मला गाडी बघू द्या."

"तुम्ही आरोपी आहात, ताई."

"म्हणूनच म्हणते. हात लावणार नाही. तुमचा हवालदार उघडेल, मी नुसती बोट दाखवीन. आणि चूक माझी निघाली, तर बेड्या घालायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही."

फौजदाराने घड्याळाकडे बघितलं. "एक तास," तो म्हणाला.

२

अपघातातल्या गाड्या ठेवायचं यार्ड गावाबाहेर होतं. तारेचं कुंपण, फाटक, फाटकाशी पहारेकऱ्याची पत्र्याची खोली. घरगाडी एका कोपऱ्यात उभी होती. पुढचं तोंड चेपलेलं, मागचा भाग जसाच्या तसा. काचेवर मास्तरांनी चिकटवलेला नकाशा अर्धा लोंबत होता. ताईने तिकडे बघायचं टाळलं. रडायला वेळ नव्हता, आणि रडण्यापेक्षा संताप बरा, निदान हात थरथरत नाहीत.

हवालदार ट्रॅक्टरवाल्याचा मुलगा निघाला, म्हणजे पान्याला हात लावायला घाबरणारा नव्हता.

"आधी ऑइल," ताई म्हणाली. तिने पेनासारखं एक यंत्र त्याच्या हातात दिलं. जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरतं आणि ते लवकर उकळतं. यंत्राचं टोक ऑइलमध्ये बुडवलं की पाणी असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा.

हवालदाराने टोक बुडवलं. हिरवा. पुन्हा बुडवलं. हिरवाच.

"लिहून घ्या," ताई म्हणाली. "आता पुढचं चाक."

चाक निघालं आणि हवालदाराच्या तोंडून शीळ निघाली. ब्रेकची डिस्क निळी-जांभळी पडली होती. तिला दोन्ही बाजूंनी धरणारे पॅड जळून कोळसा झाले होते, बोट लावलं की भुगा पडत होता. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"हे अकरा दिवसांपूर्वी नवे होते?"

"माझ्या हातांनी बसवलेत. आता मागचं."

मागचा ड्रम निघाला. ताई खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. आतले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, कोरे करकरीत होते. बसवण्यापूर्वी तिने त्यांवर पॉलिश पेपर मारला होता, त्याच्या बारीक रेघासुद्धा अजून दिसत होत्या. ड्रमला तापल्याची खूण नव्हती.

"म्हणजे अख्ख्या घाटात गाडी पुढच्या दोन चाकांनीच आवरली," ती सावकाश बोलली. "मागच्यांनी नावालासुद्धा हात लावला नाही. दोन टनांचं ओझं चौघांनी उचलायचं, ते दोघांनीच उचललं. म्हणून पुढचे जळाले. म्हणून ऑइल उकळलं."

"मग मागचे ब्रेक तुम्हीच नीट बसवले नसतील," हवालदार म्हणाला. त्याने ते कुचकटपणे म्हटलं नव्हतं, पण ताईला ते झोंबलं. कारण तोच प्रश्न तीही स्वतःला विचारत होती.

तिने पिशवीतून दाब मोजायची दोन घड्याळं काढली. एक पुढच्या चाकाच्या नळीला लावायला सांगितलं, एक मागच्या. "आता पेडल दाबा. जोरात."

मागचं लायनर सैल असेल, नळी चेपली असेल, हवा राहिली असेल, तर मागचा काटा चढणार नाही, आणि मग शटरवरचा शब्द खरा.

हवालदाराने पेडल दाबलं. दोन्ही काटे बरोबरीने चढले.

पुन्हा. पुन्हा बरोबरीने.

मागचे ब्रेक ठणठणीत होते. मंगळवारी झोपलेले ब्रेक आज जागे होते, आणि मधल्या काळात गाडी या कुंपणाच्या आत उभी होती.

३

"इथे कोण आलं होतं?" ताईने पहारेकऱ्याला विचारलं.

पहारेकरी म्हातारा होता, आणि बोलायला माणूस मिळाल्याने खूष. "गुरुवारी निरीक्षक साहेब. दहा मिनिटं होते. गाडीभोवती फिरले, पेडल दाबलं, गेले."

"खाली वाकून बघितलं?"

"छे. पँटीची इस्त्री मोडली असती."

"त्याआधी?"

"बुधवारी सकाळी जावई आले होते. घरातलं सामान काढायचं म्हणाले, अंथरूण-पांघरूण, भांडी. बरोबर तो बॉडीवाला होता, गाडीत घर बसवून देणारा. त्यांची टेम्पो गाडी होती. मी म्हटलं, न्या बाबा, घरचंच आहे."

"किती वेळ होते?"

"असतील चार तास."

बुधवारी दुपारी मास्तरांना अग्नी दिला होता. ताई तिथे मागे उभी होती, आणि जावई उशिरा आल्याचं तिला आठवत होतं. शर्ट बदललेला, केस ओले. सगळ्यांना वाटलं, बिचारा धावपळीत आहे.

ती पायरीवर पाय टाकून मागच्या दाराने गाडीत चढली. हवालदार तिच्यामागे.

पलंगावर गादी होती, दोन उशा होत्या, पायाशी घडी केलेल्या शाली. हवालदाराने कपाट उघडलं. पातेली, ताटं, डबे, धक्क्याने आडवे पडलेले, पण सगळे जागच्या जागी. काकूंचा चष्मासुद्धा खणात होता.

"सामान काढायला आले होते ना?" ताई म्हणाली. "चार तासांत एक चमचा काढला नाही."

"मग नेलं काय?"

तिला ठाऊक नव्हतं. पण तिला आता कुणाचा तरी गळा दिसत होता, आणि तो दाबायची तिची इच्छा इतकी जबर होती की तिने दोन्ही हात मुद्दाम पाठीमागे बांधले. तास संपला होता. फाटकाबाहेर पडताना तिने हवालदाराला विचारलं, "काकू कुठल्या वॉर्डात आहेत?"

"तिथे जाऊ नका. मुलगी बसलेली असते. ती तुम्हाला उभं करणार नाही."

"न करू दे," ताई म्हणाली.

४

वॉर्डाच्या दारातच काकूंची मुलगी उठून उभी राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "तुमची हिंमत कशी झाली इथे यायची?"

"काकूंना दोन प्रश्न विचारायचेत. मग जाते."

"माझ्या बापाला मारलंत, आता आईला—"

"येऊ दे तिला," खाटेवरून आवाज आला.

काकूंच्या दोन्ही पायांना प्लास्टर होतं आणि चेहरा कागदासारखा पांढरा. त्यांनी ताईकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर ताईला सोपं गेलं असतं.

"काकू, तुम्ही दोघं दहा दिवस त्या गाडीत सामान लावत होतात. माझ्याकडून गाडी आल्यापासून निघेपर्यंत तिच्यात काही बदललं? काहीही. आवाज, हादरा, काहीही."

काकूंनी आढ्याकडे नजर लावून एकेक दिवस आठवला. "पायरी," त्या म्हणाल्या.

"कुठली पायरी?"

"मागच्या दाराची. आधी मी सहज चढायचे. शेवटच्या दोन दिवसांत ती एकदम उंच वाटायला लागली. माझे गुडघे असे. मी म्हटलं, अहो, मीच म्हातारी झाले की गाडी वाढली? ते हसले. सोमवारी संध्याकाळी बसून त्यांनी माझ्यासाठी छोटं स्टूल केलं, पाय ठेवायला." मुलीने त्यांचा हात धरला.

ताई जागच्या जागी थिजली. सकाळी यार्डात ती स्वतः त्या पायरीवरून चढली होती. पायरी तिच्या गुडघ्याच्याही खाली होती. कुणालाही स्टूल लागलं नसतं.

म्हणजे गाडी मागून उचलली गेली होती. आणि नंतर परत खाली बसवली गेली होती.

"त्या दोन दिवसांआधी गाडी कुठे गेली होती?"

"रविवारी जावयांनी नेली होती बॉडीवाल्याकडे," काकू म्हणाल्या. "टाकीच्या वजनाने मागून बसली होती ना. तुम्हीच यांना सांगितलं होतंत म्हणे, पाट्यांचं बघून घ्या म्हणून. स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या असतात ना खाली, ते पाटे वाढवून आणले." मग पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. "आणि तुम्ही दोनदा बघितलीत ती गाडी. दोनदा बघून तुम्हाला काही दिसलं नाही?"

"दोनदा?"

"जावई म्हणाले, येताना ब्रेकवालीलाही परत दाखवून आणली. सगळं ठीक आहे, निर्धास्त जा."

ताईने मुलीकडे बघितलं. मुलीने मान हलवली. हो, तिनेही तेच ऐकलं होतं.

रविवारी ताईचं गॅरेज बंद असतं. त्या रविवारी ती गावातसुद्धा नव्हती.

५

बॉडीवाला एका पलंगाची फळी तासत होता. ताई, आणि मागे हवालदार, असे दोघे आत शिरलेले पाहून त्याचा रंधा थांबला.

ताई येण्यापूर्वी फौजदाराला विचारून पुन्हा यार्डात जाऊन आली होती. या खेपेला हवालदार टॉर्च घेऊन गाडीखाली पालथा पडला होता. मागचे पाटे एक्सलला, म्हणजे चाकांच्या आडव्या कण्याला, आवळून धरणारे लांब बोल्ट नवे होते, आणि त्यांचे नट वरपर्यंत चढवलेले. खाली जी शेपटं उरली होती, त्यांच्या आट्यांवर घाटातली तांबडी धूळ बसलेली, फक्त एक पट्टा लख्ख. तिथे काल-परवापर्यंत नट होता. मधली जाडी काढून घेतली की नट वर सरकतो. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं, खाली वाकलं असतं तर.

"काढलेले पाटे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"कुठले पाटे?"

"तुझ्या मागे, त्या प्लायवूडच्या मागे जे ताडपत्रीत गुंडाळलेत, ते असावेत."

तिने नुसता खडा मारला होता. पण बॉडीवाल्याची मान आपोआप तिकडे वळली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तो खाली बसला. मोठा दणकट माणूस, पण बसला तो पोतं पडावं तसा.

"मी ब्रेकला हात लावत नाही, ताई. तुला माहीत आहे. पाटे वाढवायला सांगितले, वाढवले. दोन्हीकडे दोन-दोन. गाडी चार बोटं उचलली."

"आणि तो व्हॉल्व्ह?"

हवालदार दोघांकडे आळीपाळीने बघत होता. ताईने त्याला सांगितलं. अशा गाड्यांना मागे एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा एक्सलला जोडलेला. सामान भरलं की गाडी खाली बसते, दांडा वाकतो, आणि व्हॉल्व्हला कळतं की मागे ओझं आहे, मागच्या चाकांना पूर्ण ब्रेक द्यायचा. गाडी रिकामी असली की ती वर असते, तेव्हा व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी करतो, नाहीतर चाकं घसरतील. आता भरलेली गाडी पाटे घालून चार बोटं वर उचलली, तर व्हॉल्व्हला काय वाटणार? गाडी रिकामी आहे. तो मागचा ब्रेक तोडून टाकतो. म्हणून पाटे वाढवले की दांड्याची लांबी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

"आणि ते ब्रेकवाल्याचं काम," बॉडीवाला म्हणाला. "मी जावयाला तसं सांगितलं होतं. माझ्या आईची शपथ. म्हटलं, ही अशी घाटात न्यायची नाही, आधी ताईला दाखवा. तो म्हणाला, हो हो, आत्ताच तिकडे चाललोय. मग मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, पाटे तुझे आहेत, मी बुडलो तर तूही बुडशील. मी घाबरलो. बुधवारी जाऊन काढले."

"मास्तर तिकडे शवागारात होते, आणि तुम्ही दोघं त्यांच्या गाडीखाली."

बॉडीवाला जमिनीवरचा भुसा बोटांनी उकरत राहिला.

"आणि मी? चार दिवस लोक माझ्या तोंडावर थुंकायचे बाकी होते. तुला एकदाही वाटलं नाही की जाऊन सांगावं?"

"वाटलं."

"वाटून काय उपयोग," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हवालदार एक पाऊल मागे सरकला.

मग त्यानेच अडचण बोलून दाखवली. "जावई म्हणेल, मला कुणी काही सांगितलं नाही. हा आपली कातडी वाचवायला माझं नाव घेतोय. साक्षीला कोण होतं?"

बॉडीवाल्याने हात पसरले. कुणी नव्हतं.

६

शनिवारी सकाळी फौजदाराने सगळ्यांना यार्डात बोलावलं. जावई आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला बरोबर घेऊन. ताईला पाहताच त्याने फौजदाराला म्हटलं, "ही बाई इथे काय करतेय? हिला तर आत टाकायला हवं होतं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. ताईने दात आवळले.

"सुरू करा," फौजदार म्हणाला.

हवालदाराने घड्याळं लावून ठेवली होती. त्याने पेडल दाबलं. दोन्ही काटे बरोबरीने चढले. मग बॉडीवाल्याने गाडीच्या सांगाड्याखाली जॅक लावला आणि मागचा भाग वर घ्यायला सुरुवात केली. एक बोट. दोन. तीन. चार. ताईने हात वर केला. हवालदाराने पुन्हा पेडल दाबलं. पुढचा काटा चढला. मागचा जेमतेम हलून थांबला, आणि कितीही जोर लावला तरी तिथून पुढे गेला नाही.

मुलगी त्या काट्याकडे बघत राहिली.

"मंगळवारी गाडी या उंचीवर होती," ताई म्हणाली. "बुधवारी ती खाली आणली गेली." मग तिने बॉडीवाल्याची सगळी हकीकत सांगितली. ताडपत्रीतले चार पाटे हवालदाराने जमिनीवर मांडले.

जावयाचा चेहरा उतरला, पण तो लगेच सावरला. "पाटे बसवले होते, मान्य. काढलेही, मान्य. या माणसाने मला भीती घातली, माझी मती गुंग झाली होती. पण ब्रेकचं मला कुणीही सांगितलं नाही. मी कारकुनी करणारा माणूस. पाटे वाढवले की ब्रेकला काही होतं, हे मला कुठून माहीत असणार? याने सांगायला हवं होतं. चूक याची."

बॉडीवाला उसळून पुढे झाला. हवालदाराने त्याचा दंड धरला.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ब्रेकमधलं तुम्हाला काही कळत नाही."

"नाहीच कळत."

"मग रविवारी संध्याकाळी सासूबाईंना काय सांगितलंत?"

जावयाने शर्टाची कॉलर सारखी केली.

"मीच सांगते. तुम्ही म्हणालात, पाटे बसवले, आणि येताना ब्रेकवालीला परत दाखवून आणली. तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. माझं गॅरेज बंद होतं. म्हणजे खोटं बोललात, ते सोडून देऊ. पण हेच खोटं का? गाडी धुवून आणली, पेट्रोल भरून आणलं, असं का नाही सांगितलंत? जे काम करायचं असतं हेच माणसाला ठाऊक नाही, ते केलं असं तो कसं सांगेल? पाटे वाढवल्यावर ब्रेक दाखवावा लागतो, हे तुम्हाला रविवारी संध्याकाळी माहीत होतं. आणि ते सांगणारा त्या दिवशी तुम्हाला एकच माणूस भेटला होता."

जावयाने बायकोकडे बघितलं. तिथून काही आधार मिळेल असं त्याला वाटलं असावं.

"तुम्ही मलाही तेच सांगितलंत," मुलगी म्हणाली. "आणि आईने विचारलं, नक्की ना? तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवलात."

जावई पत्र्याच्या एका दरवाजाला टेकला. "गॅरेजपर्यंत आणली होती मी गाडी. शटर बंद. सोमवारी मला कामावर जायचं होतं. मास्तरांना सांगितलं असतं की राहिलंय, तर म्हणाले असते, एक काम तुझ्या हातून धड होत नाही. लग्न झाल्यापासून तेच म्हणत आले. मला वाटलं, नव्याकोऱ्या ब्रेकना काय होणार आहे?"

"एक दिवस उशिरा निघाले असते ते," मुलगी म्हणाली. "एक दिवस." आणि ती वळून फाटकाकडे चालायला लागली. तो तिला हाक मारत राहिला. तिने एकदाही मागे बघितलं नाही.

फौजदाराने जावयाला आणि बॉडीवाल्याला जीपमध्ये बसवलं. मग तो ताईपाशी आला. "तुमचं नाव आजच तक्रारीतून काढतो. निरीक्षकालाही लेखी विचारणा जाईल. गावातही सगळ्यांना कळेल याची व्यवस्था करतो."

ताईने मान हलवली. तिला वाटलं होतं, या क्षणी छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही, कारण शुक्रवारी काकूंच्या खाटेपाशी उभी असल्यापासून एक वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं. तुम्हीच यांना सांगितलं होतंत म्हणे.

७

रविवारी ती इस्पितळात गेली. काकूंच्या उशाशी कुणी नव्हतं.

"मुलीने सगळं सांगितलं," काकू म्हणाल्या. "तुमच्यावर फार अन्याय झाला."

"एक गोष्ट तिने सांगितली नसेल. तिला माहीत नाही." ताई उभीच होती. "मास्तर गाडी घेऊन आले, तेव्हा मीच म्हटलं, मागून फार बसलीय, पाट्यांचं बघून घ्या. ते हो म्हणाले. त्यापुढे एक वाक्य बोलायला हवं होतं. पाटे घातले की माझ्याकडे परत या. मला ते झोपेत विचारलं तरी सांगता येतं. त्या दिवशी पुढची गाडी दारात उभी होती, हात तेलाचे होते, आणि मी बोलले नाही. मास्तर शब्दाचे पक्के होते. मी सांगितलं असतं तर ते आले असते."

खिडकीबाहेर कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं.

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"काल फौजदारांना. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, गुन्हा होत नाही."

"मग मला कशाला सांगायला आलात?"

दोन दिवस ताई निरीक्षकावर, बॉडीवाल्यावर, जावयावर, सगळ्या गावावर जळत होती. आता जळायला तिच्याकडे दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत असावं, एवढंच," ती म्हणाली.

काकूंनी चादरीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, इतकी की बोटांची पेरं पांढरी पडली.

"त्यांनी मला शेवटी काय सांगितलं, माहीत आहे? भिंत दिसली तेव्हा म्हणाले, घट्ट धर. स्वतःच्या बाजूने भिंतीवर घेतली गाडी. माझ्या बाजूने घेऊ शकले असते." त्यांनी डोळे मिटले. "आज तुम्ही जा. आज मला कुणाचंच तोंड बघवत नाही. तुमचंही नाही."

ताई वळली. ती दारापर्यंत पोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या या. चार वाजता इथे मला उठवून बसवतात. फार दुखतं. कुणीतरी धरायला लागतं."

सोमवारी ताईने पावणेचारला गॅरेज बंद केलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, तिने ऐकून घेतलं. चार वाजता तिने काकूंच्या पाठीमागे हात घातला, आणि नर्सने सांगेपर्यंत सोडला नाही.